वाचक विचारतात : तपकिरी शाईतली निसर्गचित्रे

मागच्या अंकात रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण १७९० ते १८५० या वर्षांतल्या, युरोपीय चित्रकारांनी शाईत काढलेल्या निसर्गचित्रांवर लेख होता. ड्रेस्डेनचा कास्पार डेव्हिड फ्रीडरिश, इंग्लंडचा सॅम्युएल पामर आणि फ्रान्सचा व्हिक्टर ह्यूगो ही त्यातली मुख्य नावे. त्या लेखावर आलेले बहुतेक प्रश्न चित्रांच्या अर्थापेक्षा साहित्याविषयी आहेत. शाई कशाची, कागद कुठला, टाक कसा, आणि हे सगळे आज घरी जमेल का? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

संग्रहालयांच्या पाट्यांवर नुसते ‘तपकिरी शाई’ असे लिहिलेले असते. जुन्या पुस्तकांत त्याच चित्राला ‘सेपिया’ म्हटलेले असते. नेमके काय समजायचे? (नाशिक)

पाटी लिहिणाऱ्याचा सावधपणा योग्यच आहे. कागदावर आज तपकिरी दिसणाऱ्या शाया मुख्यतः तीन, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात खात्रीने फरक करता येत नाही.

पहिली लोहशाई. मायफळातले टॅनिन आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांच्यापासून ती बनते. लिहिताना फिकट, काही तासांत काळी आणि शे-दीडशे वर्षांत तपकिरी, असा तिचा प्रवास. म्हणजे आज तपकिरी दिसणारी कितीतरी टाकाची चित्रे काढली तेव्हा काळी होती. दुसरी बिस्टर. ही लाकडाच्या, शक्यतो बीच झाडाच्या लाकडाच्या, धुराच्या काजळीचा अर्क. ती पिवळसर, उबदार आणि पारदर्शक असते. तिसरी सेपिया. ही माकुळाच्या शाईच्या पिशवीतून निघते. खरी सेपिया जुन्या फोटोंसारखी तांबूस नसते. ती थंड, करडेपणाकडे झुकणारी काळपट तपकिरी असते. फोटोंमुळे आपल्या मनात ‘सेपिया’ म्हणून जो रंग बसला आहे, त्याची फ्रीडरिशच्या चित्रांशी गाठ घालू नका.

काही खुणा मात्र उपयोगी पडतात. रेषेच्या कडेला पिवळट तपकिरी वलय असेल, रेषा कागदाच्या मागून उमटली असेल, किंवा जाड रेषेवर कागद तडकला असेल, तर लोहशाई समजायला हरकत नाही. प्रयोगशाळेत अवरक्त प्रकाशात पाहिले, की कार्बनची, म्हणजे चिनी, शाई काळीच राहते आणि लोहशाई दिसेनाशी होते. बिस्टर आणि सेपिया एकमेकींपासून ओळखायला याहून बारीक तपासणी लागते. शिवाय चित्रकार त्या एकमेकींत आणि चिनी शाईतही बिनदिक्कत मिसळत. म्हणून ‘तपकिरी शाई, ब्रश’ एवढेच लिहिणे प्रामाणिक ठरते.

फ्रीडरिशने सेपियाच का निवडली? तेलरंग परवडत नव्हते का? (पुणे)

कारण पैशाचे नव्हते. ड्रेस्डेनमध्ये सेपिया हा त्या काळचा नावाजलेला प्रकार होता. याकोब क्रेसेन्झ झायडलमान याने तो तिथे रुजवला, आणि आद्रियान झिंग याच्या हाताखाली टाकाने बाह्यरेषा काढून ब्रशने छटा भरायची पद्धत घडत गेली. फ्रीडरिश १७९८ मध्ये ड्रेस्डेनला आला आणि तेलरंगाकडे नीट वळण्याआधी सेपियातच नावारूपाला आला. १८०५ मध्ये जर्मन कवी गटेच्या पुढाकाराने होणाऱ्या वायमारच्या चित्रस्पर्धेत त्याच्या दोन सेपिया चित्रांना बक्षिसाचा वाटा मिळाला. १८३५ मध्ये अर्धांगाचा झटका आल्यावर मोठ्या तेलचित्रांचे काम जवळपास थांबले, तेव्हा तो पुन्हा सेपियाकडेच आला.

झिंगच्या पद्धतीत रेषा बोलते. फ्रीडरिशने रेषा जवळपास पुसून टाकली. खाली बारीक पेन्सिल आणि वर पातळ थरांवर थर एवढेच ठेवले. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयातले, रूगेन बेटाच्या आर्कोना टोकावरच्या चंद्रोदयाचे चित्र जवळपास मीटरभर रुंद आहे. एवढ्या आकाशात एकही पट्टा न उमटता एका टोकाकडून दुसरीकडे छटा उतरवणे ही चेष्टा नाही. त्यात पांढरा रंग नाही. चंद्र म्हणजे सोडलेला कागद, आणि पहिला थर द्यायच्या आधीच उजेड कुठे राहणार हे ठरलेले. तेलरंगात चूक झाकता येते, इथे येत नाही.

आमच्याकडे बाजारात माकूळ मिळते. त्याच्या शाईपासून खरी सेपिया घरी करता येईल का? (रत्नागिरी)

येईल. युरोपात वापरत ती जात सेपिया ऑफिसिनॅलिस, आपल्या किनाऱ्यावरच्या जाती वेगळ्या. पण रंग देणारे द्रव्य एकच, मेलॅनिन. पाठीत समुद्रफेस असतो तोच प्राणी घ्या. बिनसमुद्रफेसाच्या लांबट माकुळात शाई फार थोडी असते. मोठ्या प्राण्यातून कोरडे रंगद्रव्य साधारण ग्रॅमभरच निघते. म्हणून साफ करून देणाऱ्या मावशींना आधी सांगून दहाबारा पिशव्या एकदम जमवा.

पोटाच्या बाजूने चीर दिली की आतड्यालगत चंदेरी करड्या रंगाची, लांबट पिशवी दिसते. तिचे तोंड दोऱ्याने बांधून मग कापा. फुटली तर ओटा, हात आणि माकूळ सगळे काळे होते. पिशव्या त्याच दिवशी वाऱ्यावर, सावलीत वाळत घाला. ओल राहिली की त्या सडतात आणि तो वास पुढे कशानेही जात नाही. कडक वाळल्यावर वरचे कातडे सोलून काळा गाभा खलात कुटा.

आता धुणे. हीच पायरी बहुतेक जण टाळतात आणि मग वासाला कंटाळून सगळे फेकून देतात. दहा ग्रॅम पूड २०० मिली पाण्यात ढवळली तर ती खाली बसतच नाही, कारण कण फार बारीक असतात. त्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घाला. आम्लामुळे कण एकमेकांना धरतात आणि रातोरात तळाशी जातात. वरचे पाणी ओतून टाका. असे तीनचार वेळा करा, शेवटी एकदा साधे उकळून गार केलेले पाणी वापरा. मीठ आणि मांसाचा अंश निघून गेला की वास उरतो तो नावापुरता. जुन्या कारखान्यांत पूड तीव्र क्षारात विरघळवून, गाळून, आम्लाने पुन्हा खाली बसवत. माल जास्त शुद्ध निघे, पण कॉस्टिकशी घरी खेळू नये.

गाळ वाळवा. बाभळीचा किंवा खैराचा स्वच्छ डिंक एक भाग आणि गरम पाणी दोन भाग असे द्रावण करून फडक्यातून गाळा. दहा ग्रॅम रंगाला आठ ते दहा मिली द्रावण, मधाचे तीनचार थेंब आणि लवंगतेलाचा एक थेंब घालून काचेवर निदान अर्धा तास घोटा. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोट काळे झाले तर डिंक कमी पडला आहे. पट्टा चकाकला किंवा तडकला तर जास्त झाला आहे. शिंपल्यात ओतून वाळवला की वडी तयार. पुढे जलरंगासारखी ओल्या ब्रशने वापरा.

एवढा खटाटोप नको असेल तर दुकानातली ट्यूब चालेल, पण मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. ‘सेपिया’ नावाच्या बहुतेक ट्यूबांत काळा कार्बन आणि तपकिरी लोहमाती यांचे मिश्रण असते. हे उन्हात खऱ्या सेपियापेक्षा जास्त टिकते, हा त्याचा फायदाच. फक्त मातीचे कण जड असल्याने पातळ थरात ते दाणेदार बसतात, आणि फ्रीडरिशचा गुळगुळीतपणा येत नाही.

बिस्टरसाठी चुलीची काजळी चालते का? (सातारा)

चालते, पण भांड्याच्या बुडाची मऊ काळी काजळी नको. ती जवळपास नुसता कार्बन, त्यातून रंग सुटत नाही. धुराड्यात किंवा चुलीच्या वरच्या भिंतीवर तपकिरी काळी, चकाकणारी, डांबरासारखी खपली जमते, ती घ्या. तीही फक्त लाकूड जळणाऱ्या चुलीची. कोळसा, रॉकेल किंवा प्लास्टिक जाळलेल्या जागेची नको. ५० ग्रॅम खपली कुटून, चाळून अर्धा लिटर पाण्यात तासभर मंद उकळा, दाट कापडातून दोनदा गाळा, पाणी आटवून चौथाई करा आणि शंभर मिलीला तीन ग्रॅम डिंक घाला. हा डांबरी पदार्थ कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, उघड्यावर उकळा आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. प्रत्येक लाकडाची छटा वेगळी येते, म्हणून एका चित्राला पुरेल इतकी शाई एकदमच करा.

आकाशाच्या छटेत नेहमी पट्टे उठतात, किंवा मध्येच फुलकोबीसारखे डाग पडतात. मी महागडा कागद वापरतो तरीही. (ठाणे)

दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी.

आधी कागद. या चित्रकारांचा आवडता कागद म्हणजे व्होव्ह. त्यात जाळीच्या तारांच्या रेघा उमटत नाहीत. इंग्लंडमध्ये थोरल्या जेम्स व्हॉटमनने तो १७५० च्या दशकात बनवला आणि शतक संपेपर्यंत युरोपभर पसरला. रेघांच्या जुन्या कागदावर पातळ थर दिला की रंग रेघांच्या खाचांत बसतो आणि आकाशाला पट्टे दिसतात. व्होव्हवर ती अडचण नाही. तो चिंध्यांचा कागद जिलेटिनच्या टबात बुडवून काढत. त्यामुळे शाई आत न शिरता पृष्ठभागावर थांबते, आणि छटा सरकवायला वेळ मिळतो.

ठाण्याच्या हवेत नेमके हेच जिलेटिन आधी मरते. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद दिसायला कोरा असतो, पण थर दिला की जागोजागी काळे ठिपके खोल जातात. तिथे बुरशीने सायझिंग, म्हणजे हा जिलेटिनचा लेप, खाल्लेले असते. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. मिनिटभर तो फुगून उभा राहिला तर कागद ठीक, लगेच शोषला गेला तर त्यावर आकाश काढू नका. साध्या हातकागदाचेही तेच. ४०० मिली कोमट पाण्यात पाचसहा ग्रॅम खाण्याचे जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एक हात द्या आणि दोरीवर वाळवा. पाणी उकळते नको. जास्त तापले की जिलेटिनचा चिकटपणा जातो.

कागद पाच मिनिटे गार पाण्यात भिजवून लाकडी फळीवर डिंकाच्या कागदी पट्टीने चारी बाजूंनी चिकटवा आणि आडवा ठेवून रात्रभर वाळू द्या. उभा ठेवला तर एक बाजू आधी सुकते आणि पट्टी सुटते.

थर देताना फळी दहा ते पंधरा अंश तिरपी करा. ३० बाय ४५ सेंटीमीटरच्या आकाशाला ४० मिली पातळ शाई आधीच करून ठेवा. मध्येच संपली तर दुसरी तशी जमत नाही, आणि तिथे हमखास पट्टा येतो. शाई ढवळून मिनिटभर ठेवा, वरवरची घ्या, तळातला गाळ ब्रशवर येऊ देऊ नका. खारीच्या केसांचा जाड ब्रश भरून वरून आडवा हात ओढा. खालच्या कडेला शाईचा फुगीर काठ जमतो, तो पुढच्या हाताने खाली न्या. तो काठ कधीही सुकू द्यायचा नाही आणि मागे वळून ब्रश लावायचा नाही. पट्टे उठतात ते काठ सुकल्याने. शेवटचा काठ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. नाहीतर तो वर परततो.

फुलकोबीसारखे डाग अर्धवट सुकलेल्या थरात पाणी गेल्याने पडतात. नवे पाणी रंगाला ढकलत नेते आणि कडेला सोडते. इलाज एकच, वाट पाहणे. पहिला थर इतका फिका हवा की तो दिला की नाही अशी शंका यावी. दोन गडद थरांपेक्षा सहाआठ फिके थर द्या, आणि पावसाळ्यात दोन थरांमध्ये किमान तीन तास जाऊ द्या. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वरचा थर देताना ब्रश एकाच जागी दोनदा फिरला तर खालचा थर उचकटतो. थर तेलकटपणे तुटत असेल तर शाईत बैलाच्या पित्ताचा अर्क एकदोन थेंब घाला. जलरंगांच्या दुकानांत तो ऑक्सगॉल नावाने मिळतो.

चंद्राभोवतीचा उजेड करायला चंद्राच्या जागेवर स्वच्छ पाण्याचे वर्तुळ द्या, त्याच्या बाहेरून थर आणून ओल्या कडेला सोडा. प्रत्येक थराला ते वर्तुळ थोडे लहान करा. एखादी जागा फार गडद झाली तर ओलसर करून, टिपून, शिळ्या पावाच्या मऊ गोळीने हलकेच घासतात. रबराने सायझिंग निघते.

टाकासाठी पीसच हवे का? बोरू किंवा स्टीलची निब चालणार नाही? (पणजी)

चित्रावर अवलंबून आहे. १८२० च्या दशकानंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून स्टीलच्या निबा स्वस्त झाल्या. त्याआधीच्या युरोपीय टाकचित्रांत बहुतेक रेषा पिसाच्या. बोरू कडक असतो, शाई कमी धरतो आणि रुंद, कोरडी, तुटक रेषा देतो. खडक आणि खोडांना तो छान, पण जर्मन चित्रकार रोमच्या आसपास पानापानाची रेषा काढत होते, ती बोरूने निघत नाही. स्टीलची निब दाबली की फाकते आणि सोडली की मिटते, म्हणून रेषेची जाडी एकदम बदलते. पिसाचा बदल सावकाश, मऊ.

पीस करायचे तर हंसाच्या किंवा टर्कीच्या पंखातली बाहेरची पहिली चारपाच मोठी पिसे घ्या. उजव्या हाताने काढणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस बरे, ते डोळ्यांपासून बाहेर वळते. वीस सेंटीमीटरला तोडा, खालचे केस उपटा, रात्रभर पाण्यात ठेवा. कढईत बारीक वाळू साधारण १७५ अंशांपर्यंत तापवा, पिसाचे टोक कापून नळीत वाळू भरा आणि नळी वाळूत दहाबारा सेकंद खुपसा. दुधी रंग जाऊन नळी काचेसारखी झाली की झाले. फोड आला किंवा पिवळी पडली तर जळली, टाकून द्या. कच्ची राहिली तर चीर सरळ जात नाही, हीच नवख्यांची नेहमीची तक्रार. बाहेरची साल आणि आतला कोष नखाने खरवडून काढा.

कापताना आधी तीन सेंटीमीटर तिरका काप द्या. मग पाठीच्या मधोमध सुरीचे टोक टेकवून चीर सुरू करा आणि ब्रशच्या दांडीने आतून हलकेच उचलून ती आठ मिलिमीटरपर्यंत न्या. चीर कापायची नसते, ती फोडायची असते. नंतर दोन्ही बाजूंनी खांदे घ्या, म्हणजे टोक निमुळते करा, काचेवर ठेवून टोक एका दाबात छाटा. टोक दोनदा छाटले की धागा राहतो आणि शाई थुंकते.

पामरच्या चित्रांतला काळोख लाखेसारखा चमकतो. तो काय लावत असे? (कोल्हापूर)

डिंक, तोही भरपूर. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्याची १८२५ ची सहा चित्रे आहेत. टाक आणि ब्रशने तपकिरी शाईत बाभळीचा डिंक मिसळून ती काढली आहेत, वर वार्निशही आहे. त्या वेळी तो विशीत होता. डिंकाने गडद भाग खोल दिसतो, कारण प्रकाश पृष्ठभागावर विखुरत नाही. करून बघायचे तर डिंक फक्त शेवटच्या गडद थरांत वाढवा, थर पातळ ठेवा आणि मधाचे दोन थेंब घाला. जाड थर कोरड्या हवेत जाळीसारखा तडकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात चिकट होऊन समोरच्या कागदाला धरतो.

ह्यूगो कॉफी वापरत असे हे खरे का? (बडोदा)

खरे. शाईबरोबर कॉफी, काजळी, कोळसा हे सगळे तो वापरत असे. कागद कापून आकार झाकत असे, आणि शाईत बुडवलेल्या लेसचे ठसेही घेत असे. पण नुसत्या कॉफीने चित्र काढू नका. उन्हात ती झपाट्याने फिकटते आणि ओलीत बुरशीला बोलावते.

लोहशाई घरी केली आहे. कागद खाईल का? (टोरँटो)

प्रमाण चुकले तर नक्की. हिराकस जास्त झाला की शाईत मोकळे लोह उरते. त्याच्या जोडीला तयार होणारे आम्ल असते, आणि दोघे मिळून कागदाचे तंतू तोडतात. इंग्रज रसायनज्ञ विल्यम लुईसने १८ व्या शतकात प्रयोग करून तीन भाग मायफळ आणि एक भाग हिराकस हे प्रमाण सुचवले. त्या आधीच्या कितीतरी कृतींत हिराकस भरमसाट असे. ३० ग्रॅम मायफळ भरडून ३०० मिली पाण्यात आठवडाभर ठेवा, गाळा, १० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम डिंक घाला. मायफळ बाळगुटीतले तेच, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. तुमच्याकडे भारतीय किराणा दुकानांत विचारा. हिराकस हिरव्या खड्यांचा घ्या. पिवळट झालेला खडा हवेने बिघडलेला असतो.

ही शाई बाह्यरेषेला उत्तम, कारण वाळून काळी झाली की पाण्याने पसरत नाही आणि वर सेपियाचा थर देता येतो. टाक आणि थर यांत एक रात्र जाऊ द्या. रुंद छटेसाठी मात्र ती वापरू नका. जास्त शाई म्हणजे जास्त आम्ल, आणि काही वर्षांनी तेवढा भागच गळून पडतो. फाउंटन पेनमध्ये भरू नका, गाळाने नळी बंद होते. काढलेले चित्र आम्लविरहित माउंटमध्ये, काचेला न टेकवता लावा. संग्रहालये कागदावरच्या चित्रांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. घरी इतके जमणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळता येते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी सुरू होते, म्हणून चौकट तळघराच्या भिंतीवर लावू नका.